लंब टाकू नकोस

हत्तुरे सरांनी माझ्या आकृतीवर
लाल पेनानं एवढंच लिहिलं होतं.
दहापैकी दोन.

आकृती अशी : एक कडी,
तिला खाली एकशेऐंशी किलोचा भार,
वर दोन साखळ्या,
उभ्या रेषेपासून एक साठ अंश डावीकडे,
एक साठ अंश उजवीकडे.
प्रत्येकीवर ताण किती?

मी भाराइतका बाण वर काढला,
त्याच्या टोकावरून दोन्ही साखळ्यांवर लंब टाकले.
कॉस साठ म्हणजे अर्धा.
नव्वद आणि नव्वद.
बेरीज जुळली.
बेरीज जुळली की मला बरं वाटतं,
घरी ती कधी जुळत नाही.

सर म्हणाले, "चिलवेरी, अक्ष काटकोनात असते
तर चाललं असतं. नाहीयेत.
हिचा वाटा काढायचा तर
हिच्याकडे सरळ जायचं नाही.
दुसरीला समांतर चालायचं,
आणि चालता चालता ही जिथं भेटेल
तिथं थांबायचं."

खडू तिरका गेला, तिरकाच परत आला,
कलंडलेला चौकोन झाला फळ्यावर.
हिच्यावर एकशेऐंशी.
आणि तिच्यावर?
तिच्यावरही एकशेऐंशी.

वर्ग हसला.
एका ओझ्याचे दोन वाटेकरी
आणि दोघांवर अख्खं ओझं!
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
सर, मग वाटून घेतलंच कशाला?

संध्याकाळी अक्कलकोट रोडला, आमच्या पत्र्याखाली,
बीम चढवायचा होता.
टॉवेलचे सहा माग, त्यातले दोन बंद.
एक साखळी भिंतीच्या हुकाला, एक खांबाच्या,
छत बुटकं, म्हणून दोन्ही आडव्या ताणलेल्या.
एकीकडे नान्ना, एकीकडे बाबाय,
सख्खे भाऊ,
आणि मध्ये सुताचा तो गुंडाळा, हवेत, कुरकुरत.

नान्ना म्हणतो माग भंगारात काढू.
बाबाय म्हणतो रॅपिअर घेऊ, जुने तरी किती दिवस ओढायचे.
घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी,
सूतवाल्याशी कन्नड,
ह्या भांडणाला मात्र तिन्ही लागतात
आणि तिन्ही पुरत नाहीत.
रात्री दोघंही वेगवेगळे येऊन
अम्माला तेच सांगतात :
सगळं माझ्या एकट्याच्या खांद्यावर आहे.

आजवर मी धरून चालले होते
की दोघांतला एक खोटं बोलतो.
किंवा दोघंही थोडंथोडं.
मनातल्या मनात मी दोघांना
नव्वद-नव्वद देऊन मोकळी झाले होते.

पत्र्याखाली उभी राहून मी कोन मोजला,
नुसत्या नजरेनं, हात पसरून.
एकशेवीस. कदाचित जास्तच.

नान्नावर किती आहे
हे नान्नाच्या समोर उभं राहून कळायचं नाही.
बाबायच्या दिशेनं काही पावलं चालावं लागेल,
त्याच्याशी समांतर,
त्याचं म्हणणं न पटताही.

"साखळ्या सैल सोडा," मी ओरडले,
"चार-चार कड्या! कोन कमी होऊ दे!"
"मग बीम खाली येईल," नान्ना.
"येऊ दे."
"मागाच्या खाली जाईल," बाबाय.
कितीतरी दिवसांनी दोघं एकाच बाजूनं बोलत होते,
माझ्या विरुद्ध.

सोडल्या चार कड्या.
कुरकुर थांबली.
शेवटची वीतभर उंची
दोघांनी हातांवर उचलली,
एकमेकांकडे न बघता,
पण अगदी जवळ उभं राहून. जागाच तेवढी होती.

अम्मा सगळा वेळ
बीम झुलू नये म्हणून मधोमध धरून उभी होती.
हे मला घरी आल्यावर आठवलं,
भाकरीबरोबर ती शेंगाचटणी वाढत होती
आणि डावा हात झटकत होती.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं,
दोन साखळ्यांच्या मध्ये
तिसरी, सरळ उभी दोरी असेल तर?

सर घड्याळाकडे बघत म्हणाले,
"समीकरणं दोन, अज्ञात तीन. सुटत नाही.
ती दोरी किती ताणली जाते
ते आधी माहीत असावं लागतं.
पुढच्या वर्षी आहे ते."